मान, पाणी, रस्ता : प्रस्तावना

उरूस भरवायचे ठरले की पहिली अडचण येते ती पाण्याची. देवाचा नंबर नंतर लागतो. 1897 साली शिर्डीत हेच झाले. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना फार वाट पाहून मुलगा झाला. तो साईबाबांच्या कृपेने झाला ही त्यांची श्रद्धा, म्हणून शिर्डीत उरूस भरवावा असे त्यांनी मनावर घेतले. गावातली चार जाणती माणसे राजी झाली. कलेक्टरची परवानगी मागितली, तर गावच्या कुलकर्ण्याने उलटा शेरा मारला आणि अर्ज अडकला. पुन्हा खटपट केली तेव्हा परवानगी आली. दिवस ठरला रामनवमीचा. मग कोडे पडले पाण्याचे. गावात विहिरी दोन; एक आटणारी, दुसरीचे पाणी मचूळ. बाबांनी फुले टाकली आणि पाणी गोड झाले, अशी कथा हेमाडपंतांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या सहाव्या अध्यायात आहे. तिला लागूनच आणखी एक गोष्ट सांगितली आहे : तेवढे पाणी पुरेना, म्हणून तात्या पाटलांनी लांबच्या विहिरीवर मोटा लावून पाणी आणवले. चमत्कार सगळ्यांच्या तोंडी आहे. मोटा कुणाच्या लक्षात नाहीत. हे पुस्तक मोटांविषयी आहे.

त्या उरुसाची पुढची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. नगरच्या दामूअण्णा कासारांकडून एक निशाण आले, नानासाहेब निमोणकरांचे दुसरे, जरीकामाचे. दोन्ही वाजतगाजत नेऊन मशिदीच्या दोन कोपऱ्यांवर लावायची, ही हिंदू भक्तांची मिरवणूक. कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्कर दलाल या मुसलमान भक्ताने त्याच दिवशी संदल सुरू केला. चंदनाचे ताट, पुढे ऊद जळतो आहे, वाजंत्री चालली आहे, आणि परत आल्यावर ते चंदन मशिदीच्या निंबराला, म्हणजे कोनाड्याला, आणि भिंतींना हाताने लावायचे. पहिली तीन वर्षे संदलाचे सगळे अमीर शक्करने पाहिले. त्याच्यानंतर ते त्याच्या बायकोने पाहिले. पुढे पंधराएक वर्षांनी याच दिवशी रामजन्माचा पाळणा आणि कीर्तन सुरू झाले. उरूस मोडून रामनवमी आली नाही, आणि रामनवमी आली म्हणून संदल बंद पडला नाही. एकाच दिवशी, एकाच गावात, एकाच मशिदीकडे दोन मिरवणुका निघत राहिल्या आणि एकमेकींच्या अंगावर गेल्या नाहीत. का गेल्या नाहीत, याचे उत्तर ‘बाबांची शिकवण’ एवढ्या दोन शब्दांत देऊन आपण मोकळे होतो. त्या उत्तरात खोटे काही नाही, फक्त त्यातून हाती काही लागत नाही. कोणती मिरवणूक किती वाजता निघणार, कोणत्या आळीने जाणार, पुढे कोण चालणार, हे कुणीतरी बसून ठरवले होते. तो ‘कुणीतरी’ आम्हाला हवा आहे.

वेगवेगळ्या धर्मांची माणसे एखाद्या गावात, पेठेत, वस्तीवर एकत्र येऊन काहीतरी करतात, त्या ‘काहीतरी’चा हा अभ्यास. मराठीत या विषयावर लेखन कमी नाही, पण ते बहुतेक भाषणाच्या अंगाने गेले आहे. ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द शाळेच्या भिंतीवर, नेत्याच्या तोंडी आणि निमंत्रणपत्रिकेवर इतका घासला गेला आहे की तो वाचताना डोळा थांबतही नाही. गावातला माणूस तो शब्द वापरत नाही. तो म्हणतो, ‘मान आहे आमचा.’ संदलाचे ताट उचलण्याचा मान, पालखीला खांदा देण्याचा मान, पहिल्या नारळाचा मान. आमचे म्हणणे या शब्दाभोवती फिरते : नगर जिल्ह्यात जिथे दुसऱ्या धर्माच्या माणसाला एखादे काम आणि त्या कामाचा मान नेमून दिलेला होता, तिथे एकत्र येणे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. जिथे त्याला फक्त व्यासपीठावर खुर्ची होती, तिथे ते कार्यक्रमाबरोबर संपले.

जिल्ह्याचा आवाका आधी सांगायला हवा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 45 लाख 43 हजार. त्यात मुसलमान सुमारे सात टक्के. ख्रिस्ती आणि जैन आकड्याने थोडे, पण वजनाने नाहीत. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातले, जामखेड तालुक्यातले. ज्या मलिक अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस शहर वसवले, त्याच्या घराण्याचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांचे, हेही इथल्या मातीचेच वैशिष्ट्य. पुस्तकात आम्ही बहुतेक ठिकाणी नुसते ‘नगर’ म्हटले आहे, कारण एसटीच्या रांगेतला माणूस आधीही तेच म्हणायचा आणि आताही तेच म्हणतो.

या भूमीतला सर्वांत जुना धागा ग्रंथांचा आहे. नेवाशाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती 1290 मध्ये. त्यानंतर साडेतीनएकशे वर्षांनी श्रीगोंद्यात शेख महंमद नावाचा मुसलमान संत मराठीत ‘योगसंग्राम’ लिहितो. त्याचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असे परंपरा सांगते. म्हणजे गुरुघराण्याच्या नात्याने शेख महंमद आणि नाथ एकाच कुटुंबातले. मालोजीराजे भोसले शेख महंमदांना गुरुस्थानी मानीत, अशीही परंपरा आहे. वा. सी. बेंद्र्यांनी त्यांचे ग्रंथ संपादून छापले. रा. चिं. ढेऱ्यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या छोट्या पुस्तकात अशा कवींची अख्खी ओळ उभी केली. ढेऱ्यांचे ते पुस्तक वाचले की एक गैरसमज गळून पडतो : हे कवी आपला धर्म विसरून मराठीत आले नव्हते. शेख महंमद स्वतःला अविंध म्हणवून घेत आणि विठ्ठलाचे नाव घेत; दोन्हींत त्यांना अडचण वाटत नव्हती.

त्यांना लोकांच्या घरात पोहोचवले ते राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतीने. ‘भक्तिविजय’ हा त्याचा ग्रंथ 1762 चा. त्यात कबीर आहेत, शेख महंमद आहेत, आणि ते चोखोबा-नामदेवांच्या रांगेतच बसलेले आहेत. त्यांच्यासाठी वेगळी पंगत नाही. गंमत पुढे आहे. या महिपतीला इंग्रजीत नेला तो जस्टिन अ‍ॅबट याने, आणि हा अ‍ॅबट नगरला ठाण मांडून बसलेल्या अमेरिकन मराठी मिशनचा माणूस. हिंदूने लिहिलेली मुसलमान संताची कथा ख्रिस्ती मिशनऱ्याने जगाला सांगितली. या साखळीतल्या कुणीही ‘सलोखा मेळावा’ भरवला नव्हता.

ग्रंथांचा धागा शिकल्यासवरल्यांचा. गावगाडा चालला तो दुसऱ्याच धाग्यावर, आणि तिथे मला जरा रेंगाळू द्या, कारण या विषयाचे खरे पोट तेच आहे. आमच्या गावात मोहरमचे पंजे बसत ते पाटलांच्या वाड्याच्या ओसरीवर. गावात मुसलमानांची चार घरे, त्यातले एक मुलाण्याचे. पंजांची चांदी पाटलांच्या पेटीत, पंजे धरण्याचा मान मुलाण्याचा, अलाव्याची लाकडे कोण आणणार हेही ठरलेले. माझी आजी दर वर्षी सवारीपुढे मलिदा ठेवी आणि सवारीखालून नातवंडे काढी. तिला हसन-हुसेन कोण, करबला कुठे, हे विचारले असते तर सांगता आले नसते. पण पंज्यांना पाठ दाखवून उठू नये हे तिला ठाऊक होते. उलट बाजूने पाहिले, तर गावदेवाच्या जत्रेत बोकड पडे तो मुलाण्याच्या सुरीखाली. त्याने हलाल केल्याशिवाय कंदुरीचे जेवण हिंदूंच्या घरातही शिजत नसे. मुलाण्याला त्याबद्दल बलुत्यासारखा वाटा मिळे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा. शेवटची कुस्ती कोणत्या पैलवानांत लावायची यावर पंच भांडत, आणि ते भांडण कधीच धर्माचे नसे, वजनाचे असे.

अशी गावे जिल्ह्यात एकदोन नव्हती. नगर शहरात तर मोहरम हा शहराचाच सण झाला. बुऱ्हाण निजामशहाने शिया धर्मपंडित शाह ताहिरच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला. त्याच्या काळातला बारा इमामांचा कोठला आजही मोहरमचे मुख्य ठिकाण आहे. निजामशाही बुडाली, मोगल आले, पेशवे आले, 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने किल्ला घेतला. सवाऱ्या निघत राहिल्या. नवस बोलणारे, सवारीला चादर चढवणारे, वाटेत सरबत वाटणारे यांत हिंदू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

इथे पंचांगाचा एक तिढा समजून घ्यावा लागतो. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे मोहरम दर वर्षी मागे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. आपल्या पंचांगाला अधिक मास जोडलेला, म्हणून गणपती भाद्रपदात राहतो. या दोन चाकांची गाठ पडते तेव्हा लागोपाठ दोनतीन वर्षे गणपती आणि मोहरम एकाच आठवड्यात येतात. 2018, 2019 आणि 2020 ही अशी वर्षे होती. त्याआधी ती 1980 च्या दशकाच्या मध्यावर येऊन गेली होती. तेवढ्या वर्षांत फौजदार बदललेला असतो, पंच म्हातारे झालेले असतात, आणि मागच्या वेळी कोणत्या मिरवणुकीने कुठे थांबून कुणाला वाट दिली, हे आठवणारा एखादाच उरतो. सलोख्याची खरी परीक्षा या गाठीच्या वर्षांत होते. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत आणि कोल्हापूरच्या कुरुंदवाडात मशिदीत गणपती बसतो, त्याची छायाचित्रे दर वर्षी छापून येतात. ती छापावीत. पण मशिदीत गणपती बसवण्यापेक्षा मशिदीवरून गणपती नेताना वाजंत्री किती वेळ थांबवायची हे ठरवणे अवघड, आणि तिथे छायाचित्रकार जात नाही.

ख्रिस्ती धागा 1831 मध्ये अमेरिकन मिशनने नगरला ठाणे घातले तेव्हा सुरू झाला. ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये नगरलाच निघाले. मिशनचा हेतू धर्मांतराचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी स्वतःही कधी लपवले नाही. तरीही शाळा, छापखाना आणि दवाखाना यांच्या निमित्ताने जी माणसे एका बाकावर बसली ती आधी एका बाकावर बसत नव्हती. कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि नगरला राहिले. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि भजनात आणले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबारही विरला. माझ्या मते त्याहून मोठे काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’नी केले. सोवळे सुटताना एका बाईच्या हाताला काय वाटते, पाण्याच्या घड्याशी मन कसे अडते आणि मग कसे सैल होते, हे त्यांनी लिहिले तसे आंतरधर्मीय संवादावरच्या कोणत्याही परिषदेत कुणी बोललेले नाही. 1893 च्या शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेपासून आजपर्यंत जगभर धर्मगुरू व्यासपीठावर भेटत आले आहेत. आपल्याकडे भेट व्हायची होती ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

नगरच्या किल्ल्यातली भेट मात्र ब्रिटिशांनी घडवली. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण तिथे डांबले गेले. मौलाना आझादांनी तिथे ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली, नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’, आचार्य नरेंद्र देव बौद्ध धर्मावर काम करीत बसले. सरदार पटेल आणि असफ अली एकाच अंगणात फिरत. नेहरूंनी ते पुस्तक या सहकैद्यांनाच अर्पण केले आहे. हे सारे आपल्या गावात झाले आणि गावाला भिंतीपलीकडचे दिसले नाही.

स्वातंत्र्याच्या आसपास या विषयात जाणूनबुजून प्रयोग करणारे आले. गांधींच्या आश्रमातली सर्वधर्मप्रार्थना, विनोबांचे ‘कुराण-सार’ आणि ‘ख्रिस्तधर्म-सार’, साने गुरुजींचे ‘इस्लामी संस्कृती’ आणि त्यांचे आंतरभारतीचे स्वप्न, राष्ट्र सेवा दलाच्या शाखा हा एक प्रवाह. दुसऱ्याच्या धर्मातले उत्तम ते समजून घ्यावे, ही त्याची रीत. नगरजवळ अरणगावला मेहेरबाबांनी 1923 पासून जे उभारले ते निराळे. जन्माने पारशी असलेल्या या सत्पुरुषाच्या समाधीच्या चार कोपऱ्यांवर मंदिर, मशीद, क्रूस आणि अग्निपात्र यांची चिन्हे आहेत. दर 31 जानेवारीला, अमरतिथीला, जगभरचे लोक तिथे दुपारी सव्वाबारापासून पंधरा मिनिटे गप्प बसतात. भाषणांनी दमलेल्या या क्षेत्रात ही गप्प बसण्याची तऱ्हा मला फार आवडते. तिसरा मार्ग सेवेचा : आचार्य आनंदऋषींच्या नावाने जैन समाजाने नगरला उभारलेले रुग्णालय सर्वांसाठी खुले आहे. हिवरे बाजारने गावात मुसलमानांचे एकच घर असताना त्यांच्यासाठी मशीद बांधली. पाणलोटाच्या कामासाठी हे गाव जगाला माहीत झाले, मशिदीसाठी तितके झाले नाही.

या सगळ्यांवर नाराज असणारी एक परंपरा आहे आणि तिला या पुस्तकात जागा दिली आहे. हमीद दलवाईंनी 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. धर्माधर्मांनी गळ्यात गळे घालण्यापेक्षा प्रत्येक धर्मात सुधारणा व्हावी आणि माणसे नागरिक म्हणून भेटावीत, ही त्यांची भूमिका. उरुसात शेरणी वाटणारा हिंदू आणि दिंडीला पाणी देणारा मुसलमान आपापल्या घरातल्या बाईला काय हक्क देतो, असा प्रश्न त्या बाजूने येतो. हा प्रश्न टाळून लिहिलेले सलोख्याचे कोणतेही पुस्तक अर्धे राहील.

सरकारी वाट अगदीच वेगळी. गावोगावच्या पोलीस ठाण्यांत सणाआधी शांतता कमिटीची बैठक होते. चहा येतो, त्याच त्या माणसांची नावे वाचली जातात, फोटो निघतो. हसण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. पण पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 नंतर भिवंडीत मोहल्ला कमिट्या बांधल्या तेव्हा त्यांनी प्रतिष्ठितांऐवजी गल्लीतली साधी माणसे एकत्र बसवली. 1970 आणि 1984 च्या दंगलींत जळलेली भिवंडी 1992-93 मध्ये शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञाने 2002 मध्ये आलेल्या आपल्या ग्रंथात याचा माग काढला आहे. शेजाऱ्याला सणाचा फराळ देणे लहान गावात पुरते. शहरात पुरत नाही. तिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब अशा संस्थांत दोन्हीकडची माणसे एकत्र असावी लागतात, असे त्यांचे प्रतिपादन. महाराष्ट्राने 15 ऑगस्ट 2007 पासून राबवलेली तंटामुक्त गाव मोहीम, ‘एक गाव एक गणपती’ हे याच जातीचे प्रयत्न. बक्षिसाचा निधी संपला आणि कित्येक कमिट्या फलकावर उरल्या.

योगायोग असा की 2002 मध्येच रॉबर्ट हेडन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यातले एक मुख्य उदाहरण आपल्या पाथर्डी तालुक्यातले मढी होते. मढीला हिंदू कानिफनाथांची समाधी मानतात, मुसलमान शाह रमजान माहीसवार यांचा दर्गा. 1884 च्या गॅझेटियरमध्ये हे ठिकाण दोन्ही समाजांचे म्हणून आले आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणारी ही यात्रा भटक्यांची पंढरी म्हणून ओळखली जाते. होळीचा मान गोपाळ समाजाचा, गाढवांचा बाजार इथला, रेवडीचा प्रसाद इथला. हेडन यांनी मढीची तुलना बाल्कनमधल्या स्थळांशी केली आणि एक कडू निष्कर्ष काढला : एकाच स्थळी दोन धर्म नांदतात याला सहिष्णुता म्हणू नका, ती एक लांबलेली स्पर्धा असते, आणि एका बाजूचे वजन वाढले की स्थळाचे रूप पालटते.

हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला होता. मग फेब्रुवारी 2025 मध्ये मढीच्या ग्रामसभेने यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने तो रद्दबातल ठरवला, पण ठराव झाला होता. हेडन बरोबर होते का? माझे उत्तर असे की ते अर्धे बरोबर होते. स्पर्धा होती, मालकीचे दावे होते, कोर्टकचेऱ्या होत्या. पण ज्या शतकांत ती स्पर्धा हातघाईवर आली नाही, त्या काळात मुजावराचे, गोपाळाचे, रेवडीवाल्याचे काम ठरलेले होते आणि ते काढून घेणे सोपे नव्हते. ठरावाने नेमके तेच काढून घ्यायला हात घातला. गाभाऱ्यात कुणाचे नाव घ्यायचे हा वाद जुना आहे. बाजारात कुणी बसायचे हा वाद नवा आहे आणि जास्त गंभीर आहे. श्रीगोंद्यातही शेख महंमदांच्या देवस्थानाच्या नोंदणीवरून वाद पेटला. ज्या माणसाने आयुष्यभर नावांच्या पलीकडचे लिहिले, त्याच्या समाधीवर कोणत्या नावाची पाटी लावायची हा प्रश्न आंदोलनापर्यंत गेला.

‘मान’ या शब्दावर मी इतका भर दिला म्हणून त्याची काळी बाजूही सांगणे भाग आहे. मान नेमून देणारा गावगाडाच कुणाला वेशीबाहेर ठेवायचे तेही नेमून देत होता. मुलाण्याला सुरीचा मान होता, तसे महाराला मेलेले ढोर ओढण्याचे काम होते, आणि त्याला मान म्हणणे ही थट्टा होईल. जिल्ह्यातले पुष्कळ ख्रिस्ती आणि सगळे नवबौद्ध याच वेशीबाहेरून आले. म्हणून इथे दोन धर्म भेटतात असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा दोन जातीच भेटत असतात, किंवा भेटायचे टाळत असतात. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाऊलीची यात्रा भरते. मारियेच्या दर्शनाला ख्रिस्ती येतात तसे हिंदूही नवस फेडायला येतात, तेच नारळ, तीच फुले, तीच पायी वारी. त्याच हरेगावात ऑगस्ट 2023 मध्ये कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटे टांगून मारले. या दोन गोष्टी एकाच गावच्या आहेत, आणि पुस्तकात त्या शेजारी शेजारीच ठेवल्या आहेत.

आता हा विषय का, असे कुणी विचारू नये अशी 2023 पासूनची वर्षे गेली. मे 2023 मध्ये शेवगावात मिरवणुकीवर दगड पडले. त्याच वर्षी 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एका दिवशी आली, आणि राज्यातल्या अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे आपणहून ठरवले. 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हा ठिकठिकाणी जुलूस एक दिवस पुढे ढकलला गेला. दगडाची बातमी आठवडाभर चालली, ढकललेल्या जुलुसाची एका दिवसात संपली. मात्र दुसऱ्या गोष्टीबद्दल नुसते कौतुक करून थांबणे मला पटत नाही. वाट देणारा दर वेळी एकच असेल, तर ती तडजोड किती दिवस गोड लागेल? पुढच्या गाठीला दुसऱ्या बाजूने काय देऊ केले, याचीही नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

या पुस्तकातले लेख लिहिणारे शिक्षक, ग्रामसेवक, कीर्तनकार, एक निवृत्त फौजदार, दोन गृहिणी असे आहेत. त्यांना आम्ही एकच पथ्य घातले : भावना लिहू नका, कामे लिहा. वर्गणी किती, वही कुणाकडे, मंडप कुणाचा, आचारी कोण, भांडी कुणाची, भांडण झाले तर कुणाच्या ओसरीवर मिटले. त्यामुळे काही पाने हिशेबाच्या वहीसारखी वाटतील. ती चाळून पुढे जाऊ नये, ही विनंती. आमच्या लेखी पुस्तकाचा जीव त्याच पानांत आहे. फसलेले प्रयत्नही घेतले आहेत. एका गावात उत्साहाने सुरू झालेली सर्वधर्म पंगत तिसऱ्या वर्षी बंद पडली, कारण स्वयंपाक दर वेळी एकाच आळीतल्या बायकांच्या गळ्यात पडला. त्यांना सभेला कुणी बोलावले नव्हते आणि आभाराच्या यादीत त्यांची नावेही नव्हती. अमीर शक्करच्या बायकोने संदल चालवला, तरी ग्रंथात ती नवऱ्याच्या नावानेच उरली. हा दोष आमच्याही पुस्तकात पुरता गेलेला नाही.

मांडणी तालुक्यांप्रमाणे केलेली नाही आणि धर्मांप्रमाणे तर मुळीच नाही. वाचकाने कुठूनही सुरुवात करावी. विद्यार्थ्याने आधी मढीचे वाचावे, कार्यकर्त्याने फसलेल्या पंगतीचे, आणि ज्याला या विषयाचा कंटाळा आला आहे त्याने कुस्त्यांच्या हगाम्याचे.

एक मागणे आहे. तुमच्या गावच्या जत्रेची जुनी वही कुणाच्या तरी फडताळात आहे. वर्गणीदारांची नावे, मानकऱ्यांचा क्रम, कोणत्या साली कोणती मिरवणूक कुठे थांबली हे तिच्यात असते, आणि ती वाचून दाखवू शकणारा माणूस बहुधा सत्तरीच्या पुढचा असतो. यंदाच्या जत्रेआधी त्याच्याकडे जा, वही मागून घ्या, पानापानाची नक्कल करा आणि मूळ वही परत देऊन या.